पुरुषांचा राग, बायकांचं ऑपरेशन

१९७७ च्या मार्चमध्ये इंदिरा गांधी हरल्या. उत्तर भारतात त्या पराभवाचं कारण विचारलं की नसबंदीचं नाव आधी येई. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या होत्या आणि त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांच्या. शिक्षक असो की तलाठी, ज्याला त्याला 'केसेस', म्हणजे नसबंदीसाठी माणसं, आणून द्यायची होती. आपण मात्र हे सगळं उत्तरेवर ढकलून मोकळे होतो. तीन मुलांनंतर नसबंदीची सक्ती करणारं विधेयक १९७६ मध्ये महाराष्ट्राच्याच विधिमंडळाने मंजूर केलं होतं! राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते बारगळलं.

त्यांच्या जागी आलेल्या जनता सरकारने सक्ती थांबवली आणि 'कुटुंब नियोजना'चं 'कुटुंब कल्याण' केलं. १९७७-७८ मध्ये नसबंद्या साडेनऊ लाखांच्या आसपास घसरल्या. त्यांत बहुसंख्य बायकांच्या होत्या, आणि हे पारडं पुन्हा कधीच फिरलं नाही. वैद्यकीयदृष्ट्या हे उलटंच. पुरुषाच्या शस्त्रक्रियेत पोटाला हात लावावा लागत नाही, धोका कमी, तो लवकर कामाला लागतो. पण पुरुषांच्या रागाने सरकार पडतं, हे सगळ्याच पक्षांनी पाहिलं होतं. १९८० मध्ये इंदिरा गांधी परतल्या, तरी त्या वाटेला गेल्या नाहीत. बाळंतपणाला दवाखान्यात आलेली बाई नर्सबाईंच्या हाताशीच होती. पुढे दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली, गावोगाव शिबिरं भरू लागली. उद्दिष्टं तीच राहिली, ती पुरी करायची बायकांनी.

कैरोच्या १९९४ च्या लोकसंख्या परिषदेनंतर, १९९६ मध्ये, केंद्राने उद्दिष्टं काढून टाकली. कागदावर. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडातल्या बिलासपूरजवळ एका बंद पडलेल्या रुग्णालयात एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली. त्या जिल्ह्यातल्या शिबिरांत १३ जणी दगावल्या. शिबिरं तीन वर्षांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये सांगावं लागलं.

दर नोव्हेंबरात सरकारी दवाखान्यांत पुरुष नसबंदी पंधरवडा पाळला जातो. पुरुषाला बाईपेक्षा मोबदलाही जास्त मिळतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली होती. नवऱ्याची झालेल्या ०.३ टक्के.