आधी मागचं चाक पाहा

एप्रिल उजाडला की अमेरिकेतल्या मोठ्या हार्डवेअर दुकानांबाहेर हिरवे, पिवळे, केशरी ट्रॅक्टर ओळीने उभे राहतात. पुढे छोटं बॉनेट, मधे सीट, पोटाखाली गवत कापणाऱ्या पात्यांचा पसरट डेक. किंमत दोन-अडीच हजार डॉलरपासून सुरू. त्याच कंपनीचा, त्याच रंगाचा, लांबून अगदी तसाच दिसणारा दुसरा ट्रॅक्टर डीलरकडे मात्र आठ-दहा हजारांना असतो. अर्ध्या-पाऊण एकरावर नवं घर घेतलेला मराठी माणूस या दोन आकड्यांमध्ये अडकतो आणि मला फोन येतो, “दादा, किती हॉर्सपॉवरचा घेऊ?” यंत्रं हा माझ्या पोटापाण्याचा विषय असल्याने इथल्या मराठी मंडळातले लोक मला विचारतात, आणि त्यांनी विचारलेलं मला आवडतं. माझं सांगणं असतं : हॉर्सपॉवरचा आकडा शेवटी बघू. आधी मागच्या चाकाजवळ खाली बसा.

यांतला स्वस्त तो लॉन ट्रॅक्टर. गवत कापावं, हलकी गाडी ओढावी, एवढ्यासाठी तो बनवलेला असतो. महाग तो गार्डन ट्रॅक्टर. तो मातीत काम करू शकतो : नांगराचा लहान फाळ, माती भुसभुशीत करणारा टिलर, बर्फ ढकलायचं पातं, दगड-मातीने भरलेली गाडी. दुकानात दोघांनाही सरसकट ट्रॅक्टरच म्हणतात आणि घोटाळा तिथून सुरू होतो.

तो का झाला हे समजायला थोडा इतिहास लागतो. गवत कापायचं यंत्र मुळात इंग्लंडचं. ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउडला लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावरची लव छाटणारं यंत्र पाहून एडविन बडिंगला कल्पना सुचली आणि १८३० साली त्याने पेटंट घेतलं. अमेरिकेत हिरवळ मध्यमवर्गाच्या दारात आली ती मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ पासून लेव्हिटटाउन ही प्रचंड वसाहत उभी राहिली, तेव्हा हंगामात आठवड्याला गवत कापण्याचं बंधन घराच्या करारातच घातलेलं होतं. आजही अनेक वसाहतींच्या नियमावलीत गवताची उंची लिहिलेली असते.

पण गार्डन ट्रॅक्टर या हिरवळीसाठी जन्मला नाही. शहराबाहेर दोन-चार एकर जमीन, दिवसा कारखान्यात नोकरी, संध्याकाळी मका-बटाट्याचा तुकडा कसायचा, असा एक मोठा वर्ग त्या काळी होता. शेतीचा मोठा ट्रॅक्टर त्यांना परवडत नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. एल्मर पाँडने १९४६ साली इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडमध्ये सुरू केलेला व्यवसाय पुढे ‘व्हील हॉर्स’ या नावाने प्रसिद्ध झाला. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ साली ‘कब कॅडेट’ बाजारात आणला, तो आपल्याच ‘फार्मऑल कब’ या शेतीच्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स वापरून. १९६३ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या होरिकॉनच्या कारखान्यातून जॉन डिअरचा ‘११०’ बाहेर पडला. या दोघांचं इंजिन होतं ७ हॉर्सपॉवरचं, आणि ते जमीन नांगरत. आज दुकानाबाहेर उभ्या असलेल्या लॉन ट्रॅक्टरवर अनेकदा २० किंवा त्याहून मोठा आकडा छापलेला असतो, पण त्याला नांगर जोडला तर मागची बाजू टिकणार नाही. पुढे उपनगरं वाढली, मक्याचे तुकडे गेले, नुसतं गवत उरलं. मोठ्या साखळी दुकानांना स्वस्त यंत्र हवं होतं. तेव्हा ओतीव लोखंडाच्या जागी पातळ पत्रा आला, वजन उतरलं, नाव मात्र ट्रॅक्टरच राहिलं.

आता मागच्या चाकाकडे येऊ. चाकावरची प्लास्टिकची टोपी काढून पाहा. आत आसाच्या टोकाला एकच चकती आणि एक क्लिप असेल, तर तो लॉन ट्रॅक्टर. मोटारीच्या चाकासारखे पाच बोल्ट असतील, तर तो मातीत उतरण्याच्या तयारीने बनवलेला आहे. टायरचा व्यास बहुधा २० इंच की २३ किंवा अधिक, हेही बघावं. मग वाकून सांगाडा पाहावा : दुमडलेला पत्रा आहे की जाड, वेल्ड केलेली चौकट. पुढचा आस ओतीव आहे का. साधा लॉन ट्रॅक्टर सुमारे २०० ते २२५ किलोंचा असतो, गार्डन ट्रॅक्टर ३५० ते ४५० किलोंपर्यंत जातो. आणि ओढण्याच्या कामात चाकाची पकड वजनावरच ठरते.

त्या दोन मागच्या चाकांच्या मधे जो डबा असतो तो या यंत्राचा जीव. त्याला ट्रान्सॲक्सल म्हणतात : गिअर, वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफ्रन्शियल आणि आस एकाच कवचात. हल्ली तो बहुतेक हायड्रोस्टॅटिक असतो. इंजिनचा पट्टा आतला पंप फिरवतो, पंप तेलाला दाब देतो, त्या दाबावर एक छोटी मोटर फिरते आणि चाकं चालतात. पायाखालचं पेडल पंपातल्या तिरक्या चकतीचा कोन बदलतं, म्हणून क्लच नाही, गिअर बदलणं नाही. चालवायला फार सुखाचं. पण यात सगळी भिस्त तेलावर आहे. जड गाडी घेऊन चढ चढताना तेल तापतं, तापलं की पातळ होतं, पातळ झालं की पंपाच्या फटींतून आतल्या आत निसटतं, आणि यंत्र चढावर मलूल होतं. रोज असं तापत राहिलं तर आतले भाग झिजतात.

या डब्यांना मॉडेल नंबर असतात आणि खरेदीदाराने विचारायचा खरा नंबर तो. टेनेसीतल्या मॉरिसटाउनची टफ टॉर्क कंपनी हे डबे बनवते, आणि तिचा ‘के-४६’ अनेक कंपन्यांच्या लॉन ट्रॅक्टरमध्ये बसवलेला सापडतो. सपाट जागेवर गवत कापायला तो उत्तम चालतो. मात्र तो सीलबंद असतो, तेल बदलायची सोय कंपनीने ठेवलेली नसते. तिचाच ‘के-६६’ आसावर बराच जास्त जोर पेलतो, त्याला तेलाचा फिल्टर बदलता येतो, आणि एक चाक चिखलात फिरू लागलं तर दोन्ही चाकं एकत्र बांधणारं डिफ्रन्शियल लॉकही मिळतं. विक्रेत्याला हा नंबर माहीत नसेल तर मॉडेलचं तांत्रिक पत्रक मागावं. कोणता नंबर लागेल हे मात्र कामावर ठरतं. नाशिक-सांगलीकडचा द्राक्षबागायतदार छोटा ट्रॅक्टर घेताना आधी विचारतो की फवारणीचा ब्लोअर चालवेल का आणि दोन ओळींतून जाईल का. इंजिनचा विषय त्यानंतर निघतो. मला ती पद्धत इथेही योग्य वाटते.

म्हणून आधी आपल्या कामांची यादी करावी, आणि त्यातलं सगळ्यात जड काम कोणतं ते ठरवावं. पालाचोळा गोळा करणं, खत पसरणं हे कोणताही लॉन ट्रॅक्टर करेल. मल्च म्हणजे झाडांच्या बुंध्याशी घालायचा लाकडाचा चुरा. तो हलका असतो, गाडीभर नेला तरी काही बिघडत नाही. पण माती वेगळी. १० घनफूट मापाची साधी गाडी काठोकाठ मातीने भरली तर वजन साडेतीनशे किलोंच्या आसपास जातं, ओली असेल तर त्याहून जास्त. खडी आणखी जड. घरामागे वाफे बांधायचे, उताराला दगडी बांध घालायचा, पायवाट करायची असे बेत असतील तर अशा कितीतरी खेपा होतात. उतारावरून भरलेली गाडी मागून ढकलते तेव्हा हलक्या ट्रॅक्टरचा ब्रेक अपुरा पडतो, ही गोष्ट पत्रकात ठळक छापलेली नसते. हिवाळ्यात बर्फ ढकलायचा असेल तर मागच्या चाकांना साखळ्या आणि लोखंडी वजनं लागतात, आणि तो सगळा भार पुन्हा त्याच आसावर येतो.

जागेचा हिशेब मराठी माणसाला सोपा आहे, कारण एकर दोन्हीकडे तोच. ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. ४२ इंची डेक घेऊन ताशी ४ मैलांनी चाललं तर कागदावर तासाला ७३,९२० चौरस फूट, म्हणजे ६८ गुंठे कापून होतात. वळणं, झाडं, एकावर एक येणारे पट्टे धरले की प्रत्यक्षात ५० गुंठ्यांच्या आसपास. म्हणजे पाऊण एकरासाठी ४२ इंच पुरतात. ५४ इंची डेक दीड-दोन एकरांवर शोभतो, पण तो कुंपणाच्या फाटकातून जातो का आणि उंचसखल जमिनीवर टेकाडाची माती सोलतो का, हे पाहावं लागतं. पाव एकरापर्यंतच्या जागेला ट्रॅक्टरच नको. ढकलायचं यंत्र घ्या, पैसे वाचतील आणि चालणंही होईल. नुसतंच गवत आहे, जागा सपाट आहे आणि झाडं भरपूर आहेत, तर जागच्या जागी वळणारा झिरो-टर्न मोअर जास्त वेगात काम उरकतो. उतारावर आणि ओढकामाला मात्र तो मला पसंत नाही.

उताराबद्दल मी कधीच सवलत देत नाही. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत १५ अंशांपेक्षा तीव्र उतारावर हे यंत्र नेऊ नये असं लिहिलेलं असतं, काहींत तर १० अंशच. १५ अंश म्हणजे आडव्या १० फुटांत सुमारे २ फूट ८ इंचांची चढण. दोरी आणि पाणसळ घेऊन हे घरच्या घरी मोजता येतं. बसून चालवायचा ट्रॅक्टर उतारावर वर-खाली चालवावा, आडवा नाही. ओल्या गवतावर तर जाऊच नये. उलटल्यावर वाचवणारी कमान अशा बहुतेक यंत्रांना नसते.

आणि मुलं. आपल्याकडे शेतात ट्रॅक्टरवर नातवाला मांडीवर घेऊन बसणं हे लाड समजले जातात. इथे भेटीला आलेले आजी-आजोबा तेच कौतुकाने करू पाहतात. कृपा करून करू नका, करू देऊ नका. खाली मिनिटाला हजारो फेरे घेणारी पाती असतात. सीटखालचा स्विच चालक उठला की इंजिन बंद करतो, पण मांडीवरून घसरलेल्या मुलासाठी तो थांबत नाही. मागे घेताना चाकामागे आलेलं मूल दिसत नाही, आणि अशा अपघातांत पाय गमावलेली मुलं या देशात आहेत. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे : १६ वर्षांखालच्या कोणीही हे यंत्र चालवू नये आणि मुलांना सोबत बसवू नये. गवत कापताना लहान मुलं घरात असावीत.

हॉर्सपॉवरचं एकदा सांगून टाकतो. छापलेले आकडे फुगवलेले आहेत म्हणून ग्राहकांनी अनेक नामवंत कंपन्यांवर दावे लावले होते, आणि २०१० साली त्यांत तडजोड झाली. त्यानंतर आकड्यांपेक्षा इंजिनचा आकार किंवा टॉर्क लिहिण्याकडे कल वाढला. दोन सिलिंडरचं इंजिन एका सिलिंडरपेक्षा कमी थरथरतं, एवढा फरक पाहिला तरी पुरे. पेट्रोलमध्ये इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत चालतं. १५ टक्क्यांचं पेट्रोल या छोट्या इंजिनांत घालायला मनाई आहे. थंडीत यंत्र उभं राहणार असेल तर टाकीत स्टॅबिलायझर घालावा, नाहीतर वसंतात कार्ब्युरेटर साफ करण्यात एक शनिवार जातो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून तयार होणारी बहुतेक नवी छोटी पेट्रोल यंत्रं विकता येत नाहीत, तिथे बॅटरीवरचा मोअरच घ्यावा लागेल. शांत यंत्र आहे ते, आणि पाऊण एकराच्या गवताला पुरतं.

काम खरंच मोठं असेल, म्हणजे पाच एकर, मातीचे ढीग, कुंपणाचे खड्डे, तर गार्डन ट्रॅक्टरवर दहा हजार घालण्याऐवजी आणखी एक पायरी वर चढावी. सबकॉम्पॅक्ट नावाचे छोटे डिझेल ट्रॅक्टर, जसा कुबोटाचा ‘बीएक्स’, चारही चाकांना जोर देतात, पुढे बादली उचलतात आणि मागे शेतीची अवजारं चालवतात. या वर्गात आता भारतही आहे. महिंद्राने मित्सुबिशीबरोबर विकसित केलेली ‘ओजा’ मालिका १५ ऑगस्ट २०२३ ला केपटाउनमध्ये सादर झाली. ती तेलंगणातल्या जहिराबादला बनते, आणि अमेरिकन अंगणांच्या मापाचा सबकॉम्पॅक्टही तिच्यात आहे.

नवा गार्डन ट्रॅक्टर परवडत नसेल तर जुना घ्यायला बिचकू नका. व्यवस्थित राखलेला वीस वर्षांचा गार्डन ट्रॅक्टर मी नव्या स्वस्त लॉन ट्रॅक्टरपेक्षा आनंदाने घेईन, जर सुटे भाग मिळत असतील आणि जवळ दुरुस्ती करणारा असेल. पाहायला जाण्याआधी विकणाऱ्याला फोनवर सांगावं की इंजिन आधी सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावून ते थंड आहे याची खात्री करावी, कारण थंड इंजिन किती सहज सुरू होतं ते तेव्हाच कळतं. डेक उचलून खालच्या बाजूने गंज पाहावा. ट्रान्सॲक्सलवरचा पंखा आणि त्याभोवतीच्या पट्ट्या वाळक्या गवताने बुजल्या असतील, तर तेल तापत राहिलं असणार. त्यानंतर अर्धा तास चालवावं, तेल गरम होऊ द्यावं, आणि मग जवळच्या बेताच्या चढावर न्यावं. हायड्रोस्टॅटिकचा दोष थंडपणी लपतो आणि गरम झाल्यावर उघडा पडतो. चढावर वेग मंदावत गेला, पेडल पूर्ण दाबूनही यंत्र कण्हत राहिलं, तर रंग कितीही चकचकीत असला तरी ते तिथेच सोडून यावं.