रसाचा उपवास आणि शाकाहारी ताट : शरीरात नेमके काय होते?



आषाढी एकादशी जवळ आली की आपल्या आदिलाबादच्या मराठी घरांत भगर, साबुदाणा, शेंगदाणे यांची तयारी सुरू होते. पुढे श्रावणी सोमवार येतात, मग नवरात्र. कोणी नऊ दिवस उपवास करतो, कोणी फक्त उठता-बसता. माहूरच्या रेणुकामातेच्या दर्शनाला जाणारेही आपल्यात पुष्कळ आहेत. उपवास आपल्याला नवा नाही.

अलीकडे मात्र त्यात एक नवा प्रकार आला आहे. तीन, पाच किंवा सात दिवस फक्त फळांचा आणि भाज्यांचा रस घ्यायचा. "शरीर आतून साफ होते", "शुगर उतरते", "आठवड्यात चार किलो कमी होतात" असे निरोप मोबाईलवर फिरतात. ते वाचून घरातली मोठी माणसेही म्हणतात, "आम्ही जन्मभर एकादश्या केल्या, आम्हाला काय होणार?" त्यांपैकी अनेकांना शुगरची किंवा बीपीची गोळी सुरू असते. म्हणून असा उपवास शरीरात काय घडवतो, हे आधी समजून घेऊ.

पहिले दोन-तीन दिवस

जेवणातली साखर शरीर लगेच सगळी खर्च करत नाही. तिचा काही भाग ग्लायकोजेन या रूपात साठवला जातो, यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम. दोन जेवणांच्या मध्ये रक्तातली साखर टिकते ती यकृतातल्या साठ्यामुळे. काहीच खाल्ले नाही तर हा साठा साधारण एका दिवसात संपत येतो. मग शरीर चरबी जाळू लागते. पण मेंदूला साखर लागतेच, आणि ती तयार करण्यासाठी स्नायूंतली प्रथिनेही मोडली जातात. दोन-तीन दिवसांनी चरबीपासून बनणारे कीटोन मेंदूला चालू लागतात आणि स्नायूंची झीज मंदावते.

रसाच्या उपवासात हे थोडे वेगळे घडते. रसात साखर असते, त्यामुळे शरीर पूर्ण उपाशी नसते आणि निव्वळ पाण्याच्या उपवासाइतके स्नायू झिजत नाहीत. पण रसात प्रथिने जवळपास नसतात. ६० किलो वजनाच्या माणसाला रोज सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. सहा ग्लास मोसंबीच्या रसातून त्याच्या पाव भागाइतकीही मिळत नाहीत.

काट्यावर काय उतरते?

एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्यासोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. म्हणजे अर्धा किलो साठा रिकामा होत गेला की त्याबरोबर दीड किलोपर्यंत पाणीही बाहेर पडते. इन्सुलिन कमी झाल्यावर मूत्रपिंडे जास्त मीठ आणि पाणी बाहेर टाकतात. आतडीही रिकामी होतात. पहिल्या तीन दिवसांत दोन किलो उतरले, त्यात चरबीचा वाटा थोडाच असतो.

हिशेब करून पाहू. रोज २,००० कॅलरी खर्च करणाऱ्या माणसाने रसातून ६०० कॅलरी घेतल्या, तर तूट १,४०० ची. पाच दिवसांची तूट झाली ७,०००. एक किलो चरबी जाळायला सुमारे ७,७०० कॅलरी खर्च व्हाव्या लागतात. म्हणजे पाच दिवस सोसून एक किलोही चरबी जात नाही. पुन्हा भाकरी-वरण सुरू झाले की पाणी परत येते आणि काटाही वर चढतो. त्यात तुमची काही चूक नसते. जे गेले होते तेच परत आलेले असते.

फळ आणि रस एकच नव्हे

एक मोसंबी सोलून खायला वेळ लागतो. रसाच्या एका ग्लासात तीन-चार मोसंब्या जातात आणि तो दोन मिनिटांत संपतो. गाळताना चोथा निघून जातो, आणि साखर हळूहळू रक्तात जावी, पोट भरावे, शौचास साफ व्हावी ही कामे तो चोथाच करत असतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच वर्गात मोजते. अशी साखर रोज २५ ग्रॅमच्या, म्हणजे सहा चमच्यांच्या, आत ठेवावी असे तिचे म्हणणे आहे. मोसंबीच्या एका मोठ्या ग्लासातच जवळपास तेवढी साखर असते.

राहिला "शरीर साफ" होण्याचा मुद्दा. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे रात्रंदिवस करतात, आणि रसाने त्यांचा वेग वाढत नाही. दोन-तीन दिवस हलके वाटते, हे मात्र खरे आहे. तळलेले, खारट पदार्थ, चहातली साखर, दारू, तंबाखू हे सारे त्या दिवसांत बंद असते. तो गुण बंद ठेवलेल्या वस्तूंचा असतो.

गोळ्या घेणाऱ्यांनी विशेष जपावे

शुगरच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, तुम्ही जेवलात की नाही हे न पाहता इन्सुलिन वाढवतात. गोळी घेतली आणि पोटात फक्त काकडीचा रस असला, तर साखर एकदम खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलण्यात गडबड होते, माणूस बेशुद्धही पडू शकतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका आहे. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवर असताना उपाशी राहिल्यास रक्तात आम्ल वाढू शकते, तेही कधी कधी साखर फारशी वाढलेली नसताना. उलट गोड रस पीत राहिले आणि गोळी बंद केली, तर साखर चढते.

बीपीच्या गोळ्यांचेही तसेच आहे. मीठ-पाणी कमी झालेल्या शरीरात त्याच मात्रेने बीपी फार उतरते आणि उठताना भोवळ येते. आपल्या आदिलाबादच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या उन्हात हा धोका दुप्पट समजावा.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी फळांचा रस आणि नारळपाणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यातले पोटॅशियम साठून हृदयाची लय बिघडू शकते. पालक आणि बीटाचा रस रोज भरपूर घेतल्याने ऑक्झलेट वाढते आणि मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांना ते बाधते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयाची मुले आणि अशक्त वृद्ध यांनी हा उपवास करूच नये.

कडू दुधी : एक घोटही नको

दुधी भोपळ्याचा रस हृदयाला चांगला म्हणून अनेक जण सकाळी पितात. काही दुधी कडू निघतात. त्यांत कुकुरबिटासिन नावाचे विषारी द्रव्य असते. २०१० मध्ये दिल्लीत आणि २०१८ मध्ये पुण्यात असा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने सांगितलेली खबरदारी सोपी आहे. रस काढण्यापूर्वी दुधीचा लहान तुकडा चाखावा. कडू लागला तर दुधी फेकून द्यावा. कडवटपणा लपेल असा दुसरा रस त्यात मिसळू नये. प्यायल्यावर उलटी, जुलाब, पोटदुखी सुरू झाली तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

गांधीजींचा उपवास आठवताना

रसाच्या उपवासाची बाजू मांडताना गांधीजींचे नाव हमखास निघते. निसर्गोपचारावर त्यांची श्रद्धा होती, आणि १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळीकांचन येथे त्यांच्या प्रेरणेने निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. पण १९४३ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्यांनी केलेला २१ दिवसांचा उपवास नीट पाहावा. १० फेब्रुवारीला सुरू झालेला हा उपवास ३ मार्चला सुटला. पाणी पिववत नसे म्हणून त्यात लिंबूवर्गीय फळांचा रस घालण्याची मुभा त्यांनी आधीच ठेवली होती. मध्यंतरी प्रकृती गंभीर झाली तेव्हा पाण्यात मोसंबीचा रस घातला गेला. या सगळ्या काळात डॉक्टरांचा ताफा त्यांच्यावर लक्ष ठेवून होता. तो उपवास सत्याग्रहाचा होता, वजन उतरवण्याचा नव्हता. त्याचा दाखला देऊन घरी एकट्याने सात दिवस रसावर राहणे योग्य नाही.

मग शाकाहारी ताटाचे काय?

इथे बातमी चांगली आहे. डाळी, पालेभाज्या, भरड धान्ये, फळे आणि शेंगदाणे-जवस असलेले जेवण रोज घेतले, तर काही आठवड्यांत वाईट कोलेस्टेरॉल आणि बीपी थोडे उतरते, पोट साफ राहते, शुगर आटोक्यात ठेवणे सोपे जाते. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि वरून लिंबू हे आपले जुने ताट यात चपखल बसते.

पण नुसते "शाकाहारी" म्हणून भागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतले डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास दख्खनच्या पठारावर मुख्यतः ज्वारीवरच जगणाऱ्या गरीब लोकांमधल्या पेलाग्रा या रोगाचा अभ्यास केला. नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या या रोगात त्वचा काळवंडते, जुलाब होतात, मन भ्रमते. दोष एकाच धान्यावर राहण्यात होता. तीच ज्वारी डाळ, भाजी, शेंगदाणे आणि दह्याबरोबर उत्तम अन्न ठरते.

दुसरी उणीव बी-१२ जीवनसत्त्वाची. ते धान्य, डाळ, भाजी, फळ यांपैकी कशातही भरवशाइतके नसते. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने तपासलेल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांत बी-१२ कमी आढळले. यकृतात त्याचा साठा वर्षानुवर्षे पुरतो, म्हणून उणीव उशिरा कळते. थकवा येतो, तळपायांना मुंग्या येतात, विसरभोळेपणा वाढतो. मुंग्या आल्या की आपण शुगरला दोष देतो. त्यातच शुगरची मेटफॉर्मिन ही गोळी दीर्घकाळ घेतल्यानेही बी-१२ घटते. शाकाहारी असून मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी ही तपासणी अवश्य करून घ्यावी. दूध-दहीही सोडणाऱ्यांना बी-१२ ची गोळी कायम लागते.

लोहासाठी पालेभाजीवर आणि डाळीवर लिंबू पिळावे, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये. एवढ्यानेही फरक पडतो.

उपवास करायचाच असेल तर

धडधाकट माणसाला एक दिवसाचा उपवास सहसा बाधत नाही. पाणी भरपूर प्यावे, मिठाचे ताक घ्यावे, रसाऐवजी अख्खे फळ खावे, दुपारच्या उन्हात कष्टाचे काम टाळावे. मात्र "एकादशी आणि दुप्पट खाशी" होऊ देऊ नये. वाटीभर साबुदाण्याच्या उसळीबरोबर बटाटा, तळलेले पापड आणि गोड असे सगळे एकाच दिवशी आले, तर ते रोजच्या जेवणापेक्षा जड पडते. भगर आणि शेंगदाण्याची आमटी त्यापेक्षा बरी.

उपवास सोडताना आधी पेज किंवा मुगाचे पातळ वरण घ्यावे आणि भरपेट जेवण नंतर करावे. काही दिवस उपाशी राहून एकदम खूप खाल्ले तर रक्तातले क्षार बिघडतात. अशक्त माणसाला ते जीवघेणेही ठरू शकते. चक्कर, छातीत धडधड, घाम किंवा गोंधळ वाटल्यास लगेच साखर-पाणी द्यावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही न घालता दवाखान्यात न्यावे.

आणि घरात शुगर-बीपीची गोळी घेणारे आई-वडील, काका-मावशी असतील, तर एकादशीच्या आठवडाभर आधी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. "उपवासाच्या दिवशी कोणती गोळी किती आणि केव्हा?" एवढे विचारा आणि उत्तर कागदावर लिहून घ्या. मनाने गोळी बंद करू नका आणि उपाशीपोटी नेहमीची मात्राही देऊ नका. पांडुरंगाला त्यांची भक्ती हवी आहे. घरच्यांना ते द्वादशीच्या पारण्याला पंगतीत बसलेले हवे आहेत.