मानसिक आजार, अनुदान आणि खात्यावरचा हक्क

पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरमध्ये राहणाऱ्या स्किझोफ्रेनियाग्रस्त व्यक्तीला सरकारी अर्थसाहाय्य हवे असेल, तर आधी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ‘स्वावलंबन’ पोर्टलवर अर्ज केला की सरकारी रुग्णालयात तपासणी होते. औंधचे जिल्हा रुग्णालय आणि पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय ही जवळची दोन. तपासणी ‘आयडियाज’ मापनश्रेणीने होते. स्वतःची निगा, इतरांशी संबंध, संवाद व आकलन आणि कामधंदा या चार बाबींत किती अडते यावर गुण दिले जातात. आजार किती काळचा, हेही धरतात.

दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरले, तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा दिव्यांगांसाठी ५० हजार रुपये आहे. सोसायट्यांतल्या नोकरदार घरांतला रुग्ण तिथेच गळतो. तिथे धुणीभांडी करणाऱ्यांच्या घरातलाही अनेकदा गळतो. मासिक अनुदान २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० रुपये झाले. २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी २,५०० रुपये ठरले. रक्कम लाभार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते.

खाते रुग्णाचे असले, तरी पासबुक आणि एटीएम कार्ड पुष्कळदा घरच्यांकडे असते. कायदा मात्र रुग्णाच्या बाजूचा आहे. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात न्यायालयाने मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात ती उरली नाही. त्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता असतो; पैशांचे व्यवहार त्याच्या कक्षेत येत नाहीत. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम १३ नुसार आर्थिक व्यवहारांवर त्या व्यक्तीचाच अधिकार असतो. निर्णयात साथ देणाऱ्या मदतनिसाचा स्वार्थ आड येत असेल, तर त्या व्यवहारातून त्याने बाजूला व्हायचे असते. कलम १४ मधील मर्यादित पालकत्वही ठरावीक निर्णयापुरते आणि मुदतीपुरतेच असते.

तुलनेसाठी इंग्लंड पाहा: तिथे १९९६ च्या कायद्याने मदतीची रक्कम थेट व्यक्तीच्या हाती देण्याची वाट खुली केली. सक्तीने दाखल होऊन घरी परतलेल्या अनेक मनोरुग्णांना डिसेंबर २०१९ पासून उपचारोत्तर सेवेसाठी वैयक्तिक आरोग्य-निधीचा हक्क आहे. रक्कम लेखी आराखड्यानुसार ठरते. कोणती मदत घ्यायची, हे ठरवण्यात रुग्णाचा वाटा असतो. आपल्याकडचे अनुदान सर्व दिव्यांगांना सारखे असते. त्यामागे गरजांचा आराखडा नसतो, निर्णयात साथ देणारा प्रशिक्षित माणूसही नसतो. ही उणीव सरकारनेच भरून काढायची आहे. तोवर खाते रुग्णाच्या नावावर, कार्ड त्याच्याच हाती आणि मदतनिसाने काय करायचे याची नोंद कागदावर, एवढे तरी कुटुंबाने पाळावे.