वादळात घराचे नुकसान झाले : विम्याचा दावा करावा की नाही?



इंद्रायणी नदीचा उगम असलेले कुरवंडे हे मावळातील घाटमाथ्यावरचे गाव. लोणावळा परिसरात वर्षाला सरासरी ४,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो आणि नागफणीच्या कड्यावरून येणारा वारा प्रथम घराच्या छपरालाच लागतो. दि. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकून पुढे मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या भागांतून गेले. त्या वेळी अनेक घरांचे पत्रे व कौले उडाली. दिवस भाताची रोपवाटिका टाकण्याचे होते. अशा वेळी हातातील पैसा छपराला लावावा की बियाणे, खते व लावणीच्या मजुरीला, हा प्रश्न पडतो.

गृहकर्ज, घरगुती खोल्या किंवा नवे बांधकाम यांमुळे आता गावातही घराचा विमा उतरविलेला असतो. मात्र नुकसान झाल्यावर कोणी कौल फुटले तरी दावा करतो, तर कोणी भिंत पडूनही ‘कोण हेलपाटे घालणार’ म्हणून गप्प बसतो. पिकाच्या खर्चाचा जसा आपण हिशेब मांडतो, तसाच हिशेब येथेही मांडावा.

१) प्रथम विमापत्र शोधावे

पीक विमा हा पिकापुरता असतो, तो घराला लागू होत नाही. घरासाठी स्वतंत्र विमापत्र लागते. दि. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ हे सर्वत्र सारख्या अटींचे विमापत्र मिळते. त्यात आग, वीज, वादळ, पूर, दरड कोसळणे, भूकंप या कारणांनी झालेले नुकसान येते. गृहकर्ज घेतले असल्यास बँकेने विमा उतरविला आहे का, याची शाखेत चौकशी करावी. हप्ता आपल्या खात्यातून जातो, पण विमापत्र घरी नसते, असे पुष्कळदा आढळते. अशा विम्याची रक्कम प्रथम बँकेकडे जाऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे.

गोठा, भात साठविण्याची खोली, कुंपणाची भिंत यांची नोंद विमापत्रात आहे का, ते पाहावे. खोल्या पर्यटकांना भाड्याने देत असाल तर ते कंपनीला आधीच कळविलेले असावे. राहत्या घराचा विमा हा व्यवसायाचा विमा नव्हे.

२) नुकसान अचानक झाले की हळूहळू?

वाऱ्याने पाखे उचलले गेले, झाड छपरावर पडले, दरड भिंतीवर आली, हे अचानक झालेले नुकसान होय. वासे वाळवीने पोखरले, पत्रा गंजून भोके पडली, शेवाळाने कौले कुजकी झाली व पहिल्याच पावसात घर गळू लागले, ही झीज होय. झिजेसाठी विमा मिळत नाही. पावसाळ्यापूर्वी फुटकी कौले बदलणे, पत्र्याचे बोल्ट आवळणे व पन्हाळी साफ करणे हे आपलेच काम आहे. वैशाखात छपराचा एक फोटो काढून ठेवल्यास छप्पर चांगल्या स्थितीत होते, हे नंतर दाखविता येते.

३) हिशेब कसा मांडावा?

गवंडी किंवा सुताराकडून दुरुस्तीचा लेखी अंदाज घ्यावा. त्यातून पुढील रकमा वजा कराव्यात :

अ) जुन्या साहित्याची घट, विमापत्रात तशी अट असल्यास.

आ) विमाधारकाने स्वतः सोसावयाची रक्कम (एक्सेस).  आपल्या विमापत्रातील आकडा पाहावा.

इ) दावा मिळाल्यानंतर विम्याची रक्कम पूर्ववत ठेवण्यासाठी उरलेल्या मुदतीचा कापला जाणारा हप्ता. ही रक्कम सहसा लहान असते.

ई) हेलपाट्यांचा खर्च व बुडणारी मजुरी.

उदाहरणार्थ, कौले फुटून १२,००० रुपये खर्च आहे व एक्सेस १०,००० रुपये आहे. हाती जेमतेम २,००० रुपये येतील. ऐन लावणीत दोन दिवस मोडल्यास तेही उरत नाहीत. येथे दावा न केलेला बरा. याउलट पत्र्याचे संपूर्ण पाखे उडून भिंत पडली व खर्च ८५,००० रुपये आला. घट १५,००० व एक्सेस १०,००० रुपये वजा जाता ६०,००० रुपये मिळू शकतात. हा दावा सोडणे म्हणजे भरलेला हप्ता पाण्यात घालणे होय.

वाहनाच्या विम्यात दावा केल्यास ‘नो क्लेम बोनस’ जातो. घराच्या विमापत्रात अशी सवलत लिहिलेली असल्यासच ती हिशेबात धरावी. केवळ ऐकीव भीतीने मोठा दावा सोडू नये.

४) निर्णय नंतर, पण कळविणे लगेच

पहिल्या दिवशी नुकसान पूर्ण दिसत नाही. भिजलेली मातीची भिंत आठवड्याने बसते, विजेची जोडणी नंतर बिघडते. म्हणून नुकसान मोठे वाटत असल्यास कंपनीला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कळवावे व नोंद क्रमांक लिहून घ्यावा. कळविले म्हणजे दावा केलाच पाहिजे असे नाही. मात्र उशीर झाल्यास खरा दावाही अडचणीत येतो. लेखी दाव्यासाठी जुन्या अग्निविमापत्रात १५ दिवसांची, तर ‘भारत गृह रक्षा’मध्ये ३० दिवसांची मुदत दिलेली आहे.

फोटो काढल्यानंतर ताडपत्री घालून घर झाकावे. नुकसान वाढू न देणे ही विमाधारकाचीही जबाबदारी आहे. मात्र सर्व्हेअरची पाहणी होईपर्यंत मोडके पत्रे व वासे टाकून देऊ नयेत. तात्पुरत्या दुरुस्तीच्या पावत्या जपाव्यात.

५) पंचनामा वेगळा, विमा वेगळा

तलाठ्यांचा पंचनामा शासकीय मदतीसाठी असतो, तर सर्व्हेअरची पाहणी विम्यासाठी असते. एक झाले म्हणजे दुसरे झाले, असे समजू नये. शासकीय मदत ही आधार असते, भरपाई नव्हे. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या केंद्रीय निकषांत किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घरास ६,५०० व कच्च्या घरास ४,००० रुपये धरलेले होते. लहान नुकसानीत विम्याचा दावा सोडला तरी पंचनामा अवश्य करून घ्यावा. मोठ्या दाव्यात त्याची प्रत पुरावा म्हणून जोडावी.

६) दावा नाकारल्यास

नकाराचे कारण लेखी मागावे व प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. ३० दिवसांत समाधान न झाल्यास पुणे येथील विमा लोकपाल कार्यालयाकडे एक वर्षाच्या आत तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही व वकिलाचीही गरज नाही.

सारांश, किरकोळ दुरुस्ती स्वतः करावी, अंगावर न पेलणाऱ्या नुकसानीसाठी दावा अवश्य करावा आणि कोणत्याही परिस्थितीत खोटा किंवा फुगविलेला आकडा लिहू नये, कारण त्यामुळे खरा दावाही बाद होतो. विमापत्र, घरपट्टीची पावती, नमुना ८ चा उतारा व छपराचे फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवावेत. ही पिशवी रोहिणी नक्षत्रापूर्वी तयार असावी.