मूत्रपिंड मिळण्याआधीची गृहभेट

प्रत्यारोपणाच्या फाइलवर ‘मानसोपचार सुरू’ असा शेरा असला की ती माझ्याकडे येते. मी वैद्यकीय समाजसेविका. या फाइलमधला माणूस अडतीस वर्षांचा, मालेगावचा. पूर्वी यंत्रमाग चालवायचा, आता जमेल तेवढ्या कांड्या भरतो. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि बायपोलर आजारावर जुना उपचार. नवं मूत्रपिंड तो सांभाळेल का, हे प्रत्यारोपण समितीला माझ्याकडून हवं होतं. दवाखान्यातल्या खुर्चीत बसून ते कळत नाही. म्हणून शुक्रवारी, माग बंद असतात त्या दिवशी, त्याच्या घरी गेले.

‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ याला सगळेच हो म्हणतात. म्हणून मी म्हणते, ‘गोळ्या दाखवा.’ बायकोनं बिस्किटांचा डबा पुढे केला. मनाच्या आजाराच्या गोळ्या रबर लावून वेगळ्या, पाकिटामागे पेनानं तारखा. दोन गोळ्या तशाच राहिल्या होत्या. डायलिसिसहून आल्यावर तो न जेवताच झोपला होता, त्या रात्रींच्या. प्रत्यारोपणानंतरची औषधं जन्मभर, ठरल्या वेळी घ्यावी लागतात. ती शिस्त या घरात होती. कुठे निसटते तेही दिसलं.

पुढचा प्रश्न अवघड. अल्प्राझोलामला मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणतात. नशेसाठी ती चोरून विकली जाते. विचारण्याआधी मी त्याला सांगितलं, ‘उपचाराशी संबंध असलेलं तुम्ही जे सांगाल, ते समितीसमोर ठेवावं लागेल. बाकीचं माझ्याकडेच राहील.’ उत्तर कुठे जाणार हे माहीत नसताना माणसाला बोलतं करणं म्हणजे फसवणूक. थोडं थांबून तो म्हणाला, ‘रात्रपाळीत घ्यायचो, मॅडम. डॉक्टरांनी हळूहळू सोडवली.’ त्याच्या परवानगीनं मी त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांकडून खात्री करून घेतली. गोळी सुरू आहे की नाही हे भूलतज्ज्ञालाही कळायलाच हवं, कारण अशी रोजची गोळी एकाएकी बंद झाली तर झटके येऊ शकतात.

दाता बायकोच होती. 1994च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानं पत्नी जवळची नातलग ठरते. पण 2014च्या नियमांत स्त्री दाता असेल तर जास्त काळजी घ्यायला सांगितलं आहे: तिची संमती स्वतंत्र आहे, याची खात्री रुग्णाखेरीज दुसऱ्यानं करायची. सासूबाई चहा टाकायला गेल्यावर तिला ओट्यावर घेऊन बसले. ‘मी नाही दिली तर कोण देणार, ताई?’ हा होकार नव्हे. तिला सांगितलं, ‘शेवटच्या दिवशीही नको म्हणता येईल, आणि त्याचं कारण घरच्यांना कळणार नाही.’ विचार करायला वेळ दिला. पुढच्या भेटीत ती एकटी आली आणि आधी स्वतःच्या तब्येतीचे प्रश्न विचारले: कामावर कधी जाता येईल, पुढे आपलंच मूत्रपिंड बिघडलं तर काय. मग हो म्हणाली. तो होकार मी लिहिला.

स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी 2012मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘सिपॅट’ या मूल्यमापनात अठरा मुद्दे आहेत: आजाराची समज, घरचा आधार, मनाची स्थिती, व्यसन. ते उपयोगी आहे. पण भाड्याचं घर, रोजंदारी आणि दूरचा दवाखाना यांनी घरचा आधार तोकडा दिसतो, आणि गरिबी हा रुग्णाचा दोष ठरतो. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार मानसिक आजार असलेल्याला उपचारात शारीरिक आजाराच्या रुग्णाइतकीच वागणूक मिळायला हवी. नुसत्या निदानावरून नाव खोडणं त्या कायद्याला धरून नाही.

म्हणून अहवालात मी निकालाऐवजी योजना लिहिली. प्रत्यारोपणाच्या औषधांतल्या स्टेरॉइडनं उन्माद उसळू शकतो, तेव्हा ऑपरेशनच्या आधीपासून मानसोपचारतज्ज्ञ सोबत हवेत. झोप कमी झाली की बायकोनं कुणाला फोन करायचा, त्याचा नंबर. डायलिसिसच्या दिवशीच्या गोळीची जबाबदारी धाकट्या भावाकडे. मूत्रपिंडं थोडी आहेत, ती वाया जाऊ नयेत ही समितीची काळजी खरी आहे. काही रुग्णांना नकारही द्यावा लागतो. पण नकार लिहिणाऱ्यानं कोणता आधार उभा करून पाहिला आणि तो कुठे कमी पडला, हे त्याच कागदावर लिहिलं पाहिजे. ते लिहिलेलं नसेल, तर मूल्यमापन अजून झालेलं नाही.