अण्णा नगरच्या गच्चीवरून दीर्घिकेचे छायाचित्र

सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी एका दूरच्या दीर्घिकेतून निघालेला प्रकाश आज रात्री पृथ्वीवर पोहोचत असतो. एवढा प्रवास करून आलेला हा प्रकाश शहराच्या दिव्यांच्या उजेडात बुडून जातो. चेन्नईतील अण्णा नगरसारख्या दाट वस्तीत, घराच्या गच्चीवरून, तो टिपता येईल काय? येईल, मात्र त्यामागील गणित समजून घेतले पाहिजे.

प्रथम दीर्घिकेची निवड करावयाची. देवयानी दीर्घिका सर्वांत परिचित होय. परंतु ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत ती रात्री उंच येते, तेव्हाच चेन्नईवर ईशान्य मोसमी पावसाचे ढग असतात. म्हणून वासुकी तारकासमूहातील मेसिए ८३ ही सर्पिल दीर्घिका अधिक सोयीची. ती १७५२ साली निकोला लुई द लाकाय यांनी केप ऑफ गुड होप येथून शोधली. चित्रा ताऱ्याच्या दक्षिणेस सुमारे १९ अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींच्या अंतरावर, ती आहे. लंडनहून ती क्षितिजाच्या वर जेमतेम ९ अंश चढते, तर चेन्नईहून ४७ अंश. मेच्या मध्यास रात्री दहाच्या सुमारास ती दक्षिणेस सर्वांत उंच असते.

पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला १५ अंश सरकते. म्हणून कॅमेरा जोडलेली लहान दुर्बीण त्याच गतीने फिरणाऱ्या यंत्रचलित बैठकीवर ठेवावी लागते. बैठकीचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखावयाचा असतो. चेन्नईत ध्रुवतारा क्षितिजापासून अवघ्या १३ अंशांवर असतो. तो शेजारच्या इमारतीआड गेला, तर इतर तारे दुर्बिणीत कसे सरकतात हे पाहून अक्ष नीट बसवावा लागतो.

आता मुख्य अडचणीकडे वळू. समजा, कॅमेऱ्यातील एका बिंदूवर मिनिटाला शहरी उजेडाचे ४०० प्रकाशकण पडतात आणि दीर्घिकेच्या बाहूचे केवळ १०. प्रकाशकण अनियमितपणे येतात. ४०० कणांच्या मोजणीत सुमारे २० कणांचा, म्हणजे संख्येच्या वर्गमुळाएवढा, चढउतार असतोच. त्यात दीर्घिकेचे १० कण ओळखू येत नाहीत. परंतु एकेका मिनिटाची १०० चित्रे घेऊन त्यांची बेरीज केली, तर दीर्घिकेचे कण १,००० होतात, आणि उजेडाच्या ४०,००० कणांतील चढउतार मात्र २०० एवढाच राहतो. उजेडाची सरासरी वजा केली की सर्पिल बाहू स्पष्ट दिसू लागतात. उन्हाळ्यातील उष्णतेमुळे कॅमेऱ्यात उत्पन्न होणारे खोटे ठिपकेही असेच काढावयाचे असतात. त्यासाठी दुर्बिणीवर झाकण ठेवून तेवढ्याच वेळेची काळी चित्रे घेतात व ती मूळ चित्रांतून वजा करतात.

हे काम केवळ वेधशाळांचे आहे, असे समजू नये. १८८८ साली इंग्लंडमध्ये आयझॅक रॉबर्ट्स या बांधकाम व्यावसायिकाने स्वतःच्या २० इंची दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रात देवयानीची सर्पिल रचना प्रथम प्रकट झाली.

तथापि, चिकाटीलाही मर्यादा आहे. आकाशाचा उजेड चौपट झाला, तर तेवढेच स्पष्ट चित्र मिळण्यास वेळही चौपट लागतो. एका रात्रीचे काम चार रात्रींवर जाते. याच शहरातील नुंगमबाक्कम येथून १८६१ साली नॉर्मन पॉगसन यांनी ‘एशिया’ हा लघुग्रह शोधला होता. आज तेथून मोजकेच तारे दिसतात. रस्त्यावरील दिव्यांना वरून झाकण घातल्यास रस्त्यावरचा प्रकाश कमी होत नाही. आकाशाकडे वाया जाणारा तेवढा थांबतो. हा उपाय साधा आहे, आणि त्याचा लाभ शहरातील प्रत्येक गच्चीला मिळण्याजोगा आहे.