रोजची एक ओळ

आपल्या भाषेत ‘आरंभशूर’ असा एक नेमका शब्द आहे. ज्याने तो प्रथम वापरला त्याने आपली घरे आतून पाहिली असावीत. पाडव्याला आणलेली वही, पहिल्या पानावर ‘श्री’ आणि कुंकवाचे बोट, मग चार-सहा पाने सुवाच्य हिशेब, आणि पुढे सारे कोरे! माझ्या थोरल्या बंधूंच्या कपाटात अशा पाच वह्या मी स्वतः मोजल्या आहेत. माझ्या कपाटात किती आहेत ते विचारू नका.

दादा शेती करतात. चार एकर बागायत आणि दोन म्हशी. खत-औषध दुकानातून उधारीवर यायचे आणि माल विकला की दुकानदार सांगेल तो आकडा द्यायचा. आपल्याजवळ टिपण नाही, तर बोलायचे कशाच्या जोरावर? एका साली कांदा चांगला पिकला, भावही बरा मिळाला, तरी हाती काही उरले नाही. वहिनी म्हणाल्या, “पैसा गेला तो गेला. पुढच्या साली कांदा लावायचा की नाही, एवढं तरी सांगा.” त्याचे उत्तर घरात कुणापाशीच नव्हते.

आता दादांना आळशी कोण म्हणेल? पहाटे चारला त्यांचा दिवस सुरू होतो. मग वही का अडली? मी त्या पाचही वह्या चाळून पाहिल्या. प्रत्येकीत त्यांनी सारेच मांडायचे योजले होते. मजुरी, बियाणे, किराणा, मुलांची फी, पाहुणेरावळे, वर महिन्याची बेरीज. म्हणजे रोजचे अर्ध्या तासाचे काम झाले. निवांत दिवशी ते जमते. लागणीच्या दिवसांत, किंवा म्हैस व्यायली त्या रात्री, नाही जमत. एक दिवस चुकला की उद्या दोन दिवसांचे लिहायचे, परवा तिघांचे. आठवायचे कसे? मग वही दिसली की लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणून वही कपाटात जाते. माणूस समजतो, आपल्यात निर्धार नाही. खरे तर पहिली पायरीच फार उंच बांधलेली असते.

तेव्हा आम्ही दोघांनी बसून ठरवले ते इतकेच. संध्याकाळी डेअरीत दूध घालून आले, किटली खुंटीला अडकवली, की त्या दिवसाचा सर्वांत मोठा एकच खर्च एका ओळीत लिहायचा. तारीख, कशाला, किती. खर्च नसेल तर ‘काही नाही’ असे लिहायचे, पण ओळ सोडायची नाही. नवी वहीसुद्धा आणली नाही. मुलाची अर्धी उरलेली शाळेची वही सुतळीने त्याच खुंटीला टांगली, सोबत पेन्सिल.

यातले मर्म गुरुजींच्या ध्यानात आलेच असेल. पायरीचे माप चांगल्या दिवसावरून घेतले नाही, सर्वांत वाईट दिवसावरून घेतले. आणि नवे काम अशा जुन्या कामाला बांधले की जे चुकणे शक्य नाही. म्हैस काही रविवार पाळत नाही!

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी जेवताना फळ खाणे, थोडे चालून येणे अशी एकेक साधी गोष्ट निवडली आणि ती रोजच्या एका ठरलेल्या प्रसंगाला जोडून बारा आठवडे केली. ज्यांचे मोजमाप नीट जुळले, त्यांत सवय अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचे मधले माप ६६ दिवस निघाले. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज आला. तेव्हा एकवीस दिवसांत सवय लागते, असे जे सर्रास सांगितले जाते त्यावर विसंबू नये. दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. एखादा दिवस चुकला म्हणून सवयीचे फारसे बिघडले नाही. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० च्या ग्रंथात बजावले होते की, सवय मुरेपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नये. त्यांचा अधिकार मोठा. पण शिस्तीच्या या कडकपणानेच आपल्याकडच्या कित्येक वह्या कपाटात गेल्या असतील.

कुणी म्हणेल, एका ओळीने मोठे काम कसे व्हायचे? महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचे उदाहरण घ्या. मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करणारा हा माणूस. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाला प्रस्तावना म्हणून धर्मशास्त्राचा थोडका इतिहास लिहावा, एवढाच मूळ विचार. त्यातून वाढलेल्या इतिहासाचा पहिला खंड १९३० साली निघाला तेव्हा ते पन्नाशीचे होते. शेवटचा १९६२ साली निघाला तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे. पाने सुमारे साडेसहा हजार. बत्तीस वर्षांनी भागा, रोजचे जेमतेम अर्धे पान येते. त्या अर्ध्या पानामागे किती वाचले होते याचा भागाकार मात्र आपल्याला करता यायचा नाही.

थेंबे थेंबे तळे साचे, हे आपण मुलांना शिकवतो. पण बांध नसेल तर थेंब वाहून जातात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. रोजची ठरलेली वेळ हाच तो बांध. ज्या मुलाचे अक्षर वाईट आहे त्याला दहा पाने शुद्धलेखन देण्यापेक्षा, हजेरी झाल्यावर रोज एकच ओळ तुमच्यासमोर लिहू द्या.

वहीने कांद्याचा भाव वाढत नाही, पाऊसही पडत नाही. दादांची वही एक हंगाम चालली तेव्हा दिसले की, कांद्याचा पैसा खतात नव्हता गेला. काढणीची मजुरी आणि बाजार समितीपर्यंतचे टेम्पोचे भाडे यांतच तो बराचसा गेला होता. दुकानदाराला मनातून दिलेल्या शिव्या दादांना परत घ्याव्या लागल्या. एका नोंदीचा फरक मात्र निघाला, तो त्याने वही पाहून मुकाट्याने वजा केला. पुढच्या साली कांदा निम्म्याच रानात लावला.

परवा गावी गेलो तेव्हा सहज वही पाहिली. एका ओळीचे अक्षर वेगळे होते. त्या दिवशी दादा परगावी लग्नाला गेलेले. दूध घालायला वहिनी गेल्या होत्या. तारीख घालून त्यांनी लिहिले होते : ‘काही नाही.’